रद्द झालेल्या व्याख्यानाबद्दल संयोजन समितीला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि संयोजन समितीचे सर्व सभासद,
व्याख्यानमाला, ठाणे

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या मालेतलं तिसरं पुष्प रद्द झाल्याची सूचना शाळेच्या फाटकाजवळच्या फळ्यावर वाचली. नंतर समितीने केलेल्या ठरावाची प्रतही मागून घेतली. ठराव असा आहे : ‘कोणत्याही धर्मावर, धर्मग्रंथावर अथवा धार्मिक प्रथेवर केलेली टीका हा वंशवादाचा प्रकार समजण्यात येईल व अशा विषयास व्यासपीठ देण्यात येणार नाही.’ मी या व्याख्यानमालेची आजीव सभासद आहे. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. हा ठराव समितीने मागे घ्यावा अशी माझी जाहीर मागणी आहे, आणि ती का आहे ते सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र.

ज्यांचं व्याख्यान रद्द झालं त्या बाई मुंब्र्यात वकिली करतात. तलाक, पोटगी, वारसाहक्क, मुलांचा ताबा, अशी प्रकरणं त्यांच्याकडे रोज येतात. विषय होता ‘धर्मचिकित्सा आणि घरातली बाई’. त्या मुसलमान आहेत, मुंब्र्यातच वाढल्या आहेत, आणि आपल्याच समाजातल्या रूढींबद्दल, निवाडे देणाऱ्या पुरुषांबद्दल बोलणार होत्या. ठराव लागू केला तर ही बाई वंशवादी ठरते. म्हणजे आपल्या आईबापांचा आणि आपल्या लेकरांचा वंशावरून द्वेष करणारी! समितीतल्या एकालाही तसं म्हणायचं नसेल, याची मला खात्री आहे. पण फळ्यावर लागलेल्या कागदाचा अर्थ तोच होतो, आणि तो कागद त्यांच्यापर्यंत पोचला आहे.

गेल्या वर्षी श्राद्धकर्मावरचं एक व्याख्यान ‘भावना दुखावतील’ म्हणून असंच गळालं होतं. तेव्हा दबाव आणणारी माणसं वेगळी होती. या वर्षीच्या आणि गेल्या वर्षीच्या आक्षेपकांचं एकमेकांशी कधीच पटणार नाही, पण या एका ठरावाने दोघांचंही काम झालं आहे.

यंदाच्या या व्याख्यानाला आक्षेप घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी समितीला दिलेलं पत्रही मी वाचलं. ते तळमळीने लिहिलेलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की ‘आम्ही फक्त धर्मावर बोलतो’ असं सांगत माणसांनाच झोडपलं जातं, आणि ज्यांना झोडपलं जातं त्यांच्यापुरता तो वंशवादच असतो. हे म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यात खरं पुष्कळ आहे. न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यानंतर चारच दिवसांनी, १५ सप्टेंबर २००१ रोजी, ॲरिझोनातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्या पेट्रोल पंपावर गोळ्या घातल्या गेल्या. ते शीख होते. मारेकऱ्याने त्यांची पगडी आणि दाढी पाहिली, तेवढं त्याला पुरलं. तिथे ना कुराणाचा प्रश्न होता, ना कुठल्या रूढीचा.

विलायतेत या प्रश्नाला कायद्याचीही एक बाजू होती, ती सांगायला हवी. तिथला १९७६चा कायदा वंशावरून होणारा भेदभाव रोखायचा, धर्मावरून होणारा रोखत नसे. एका शीख मुलाला पगडीमुळे शाळेने प्रवेश नाकारला तेव्हा १९८३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, शीख हा वांशिक समूह आहे असा निर्णय दिला आणि त्याला न्याय मिळाला. ज्यूंनाही त्या कायद्याचा आधार होता. मुसलमान मात्र नाना देशांतून आलेले, नाना रंगांचे. त्यांना धर्मावरून नोकरी नाकारली तर दाद मागायला जवळजवळ जागाच नव्हती. नोकरीतल्या या भेदभावावर बंदी आली २००३ साली. इतकी वर्षं वंशवादाच्या कायद्याच्या दारातून आत शिरल्याशिवाय न्याय मिळत नव्हता, म्हणून लोकांनी ‘आमच्यावर होतो तोही वंशवादच’ असं म्हणायला सुरुवात केली. त्यांची अडचण खरी होती. २०१८ साली तिथल्या खासदारांच्या एका सर्वपक्षीय गटाने इस्लामोफोबिया, म्हणजे मुसलमानांबद्दलचा आकस, हा वंशवादाचा एक प्रकार आहे अशी व्याख्याच मांडली. सरकारने ती पुढच्या वर्षी नाकारली, मजूर पक्षाने स्वीकारली. विद्यार्थ्यांच्या पत्रातली भाषा बहुधा तिथूनच आली आहे.

पण त्या व्याख्येचा रोख मुसलमान असण्यावर किंवा तसं भासण्यावर होणाऱ्या हल्ल्यांकडे होता. धर्मग्रंथावर आणि प्रथेवर बोलूच नये, असं काही तिच्यात नव्हतं. उलट धार्मिक द्वेष भडकवण्याविरुद्ध तिथे २००६ साली जो कायदा झाला, त्यात धर्मावरची चर्चा, टीका, नापसंती, अगदी टिंगलसुद्धा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहील असं स्पष्ट कलम आहे. आपली समिती त्या सगळ्यांच्या पुढे गेली.

आणि आपल्याला ती कायद्याची अडचणही नाही. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशी कारणं एकापाठोपाठ एक सांगितली आहेत आणि यांपैकी कशावरूनही राज्याने भेदभाव करायचा नाही असं म्हटलं आहे. धर्मावरून माणसाला डावललं तर ते चूक आहे, हे सिद्ध करायला त्याला वंशवादाचं नाव द्यावं लागत नाही. संयुक्त राष्ट्रांनीही १९६२ साली हे दोन विषय जाणीवपूर्वक वेगळे केले होते. वंशभेदाविरुद्धचा करार १९६५ साली झाला, धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा जाहीरनामा यायला १९८१ उजाडलं.

आता आपल्या गावाकडे येते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी बँकेत नोकरी करते. घोडबंदर रोडला ऑफिस जवळ पडेल म्हणून ती भाड्याने घर बघत होती आणि एका रविवारी मी तिच्यासोबत गेले. ब्रोकर भला माणूस होता. त्याने वन बीएचके दाखवला, बाल्कनीतून येऊरचे डोंगर दिसत होते, ओट्याखालची कपाटं नवीकोरी होती. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट कधी करायचं तेही ठरलं. मग त्याने आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. नाव वाचलं आणि फोन घेऊन जिन्यात गेला. परत आला तेव्हा खाली बघत म्हणाला, ‘मॅडम, ओनरला काही प्रॉब्लेम नाही, पण सोसायटीत चालत नाही.’ तिने काही विचारलं नाही. झेरॉक्स परत घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि लिफ्टचं बटण दाबलं. तिला सवय होती. मला नव्हती, म्हणून वाद मी घातला, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

या मुलीने कित्येक वर्षांत रोजा ठेवलेला नाही. देव आहे की नाही याबद्दल तिच्या मनात शंका आहेत, त्या ती माझ्याशी मोकळेपणाने बोलते. त्या सोसायटीत तिला कुणी विचारलं, की बाई, तू काय मानतेस? नमाज पढतेस का? तलाकबद्दल तुझं मत काय? कुणीही नाही. तिचं नाव आणि आडनाव पुरेसं होतं. माणूस काय मानतो याच्याशी काही देणंघेणं नाही, कुठल्या घरात जन्मला एवढंच बघायचं आणि दार लावायचं. वंशवाद जसा वागतो तसंच हे वागणं आहे, आणि याला कुणी वंशवाद म्हटलं तर मी हरकत घेणार नाही.

१९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं मुंब्र्याला आली. आली ती जीव वाचवायला. पण त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना शिकूनसवरून, नोकरी करून, भाडं द्यायची ऐपत असूनही तिथून बाहेर घर मिळत नाही, हे आज ठाण्यात घडतं आहे. पंधराव्या कलमाचं ते बंधन राज्यावर आहे, घरमालकावर थेट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व पारशांपुरतं ठेवायची मुभाही दिली. म्हणजे इथे कायदा तोकडा पडतो आणि समाजानेच काही ठरवावं लागतं. आपल्या समितीतले काहीजण आपापल्या सोसायट्यांच्या कार्यकारिणीवर आहेत. त्यांच्याकडून ठराव यायचा तर या विषयावर यायला हवा होता. आला तो मुंब्र्यातल्या एका बाईचं तोंड बंद करणारा.

टेंभी नाक्याजवळचं १८७९ सालचं सिनेगॉग आपण सगळे जाता-येता बघतो. तिथले बेने इस्रायली मराठी बोलणारे, मराठी जेवण जेवणारे. कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यातले बरेच जण इस्रायलला गेले, आपल्या धर्मबांधवांच्या देशात, आणि १९६०च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी त्यांचं कूळ तपासायला सुरुवात केली : तुम्ही खरे ज्यू कशावरून? धरणी धरली, मोर्चे निघाले, तेव्हा कुठे १९६४ साली त्यांना सर्वार्थाने ज्यू म्हणून मान्यता मिळाली. धर्म तोच, प्रार्थना त्याच, तरी माणसं जन्मावरून अडवली गेली. अडवली कुणी? धर्मपीठाने. आता सांगा, त्या धर्मपीठावर टीका करणारा बेने इस्रायली माणूस आपल्या ठरावाप्रमाणे काय ठरतो?

माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. आपल्या देशात जन्मावरून होणारा जो सर्वांत जुना आणि सर्वांत क्रूर अन्याय, त्याला आधार धर्मशास्त्राचा होता. त्या अन्यायाशी लढायचं तर धर्मशास्त्रावर बोलावंच लागलं. जोतीराव फुल्यांना बोलावं लागलं. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळावी लागली. धर्मावरची टीका हे वंशवादासारख्या रोगावरचं आपल्या मातीतलं औषध आहे, आणि समितीने औषधालाच रोगाचं नाव दिलं.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावलं होतं. मंडळ सनातन्यांचं नव्हतं, सुधारकांचं होतं, हे मुद्दाम लक्षात घ्यावं. पण भाषणाचा मसुदा हातात आल्यावर त्यांची चलबिचल सुरू झाली. शास्त्रांच्या अधिकारावरच घाव घातलेला होता आणि आपण हिंदू धर्म सोडणार असल्याचंही बाबासाहेबांनी त्यात सांगितलं होतं. मंडळाने काही भाग गाळायला सुचवलं. स्वल्पविरामही बदलणार नाही, असं बाबासाहेबांनी कळवलं. शेवटी परिषदच रद्द झाली आणि भाषण त्यांनी स्वखर्चाने छापलं. त्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनाही आपण शहाणपणाने वागतो आहोत असंच वाटलं असणार. आपल्या समितीला आज वाटतं तसंच.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी जात आणि वंश यांचा हिशेबही मांडला आहे. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा अस्पृश्य यांचा वंश एकच, मद्रासच्या ब्राह्मणाचा आणि तिथल्या अस्पृश्याचाही एकच. जात म्हणजे एकाच वंशाच्या माणसांची केलेली सामाजिक फाळणी, असं त्यांचं प्रतिपादन होतं. ज्यांनी जन्माचे चटके सोसले त्यांनी लढाईची जागा इतकी नेमकी ओळखली होती. आणि आज अमेरिकेत काय चाललं आहे? सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, कॅलिफोर्नियातही तसं विधेयक आलं. ‘हा हिंदूद्वेष आहे’ म्हणून तिथल्या काही संघटनांनी गदारोळ केला आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते विधेयक नाकारलं. जातीवर बोट ठेवणारा दलित तरुण तिथे धर्मद्वेष्टा ठरतो. आपल्या ठरावाची वाट त्याच गावाला जाते.

मुसलमान समाजातही हेच झालं आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर तोंडी तलाकाविरुद्ध मोर्चा नेला. त्यात बायका होत्या सात. फक्त सात! पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांना धर्मद्रोही म्हणणारे होते. त्यांची वाक्यं उचलून मुसलमानांना झोडपू पाहणारेही होते, आणि दलवाई त्यांचाही तितक्याच परखडपणे समाचार घेत, हिंदू जातीयवादावरही लिहीत. सर्वोच्च न्यायालयाने तोंडी तलाक रद्द केला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. त्या सात जणींनंतर एकावन्न वर्षांनी. ज्या वकीलबाईंना आपण नको म्हटलं त्या याच वाटेने चालणाऱ्या आहेत. मोर्चातल्या त्या सात जणी आज व्याख्यानाला आल्या असत्या तर ठरावाप्रमाणे त्यांनाही बोलता आलं नसतं.

ठाण्याला तर या विषयाचा फार जुना इतिहास आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. १३२१ साली फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती साधू आपल्या गावात उतरले होते. ज्या घरात उतरले त्या घरातल्या नवरा-बायकोचं भांडण झालं, बाई काझीकडे गेली, आणि साक्षीदार म्हणून या साधूंचं नाव निघालं. काझीपुढे भांडण राहिलं बाजूला आणि धर्मावर वाद सुरू झाला. पैगंबरांबद्दल तुमचं मत काय, असं विचारल्यावर साधूंनी अत्यंत कडवट उत्तर दिलं. त्या उत्तरापायी चौघांचेही जीव गेले. ओदोरिक नावाच्या प्रवाशाने हा वृत्तांत लिहून ठेवला आहे. त्या साधूंचं उत्तर मला पटत नाही, दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाबद्दल मी तसं कधीही बोलणार नाही. पण बोलण्याला बोलण्यानेच उत्तर द्यायचं, हे शिकायला आपल्याला सातशे वर्षं मिळाली आहेत.

मग व्यासपीठावरून कुणी काहीही बोलावं का? मुळीच नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत ‘यांच्याकडून भाजी घेऊ नका’ असे निरोप आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले होते. हातगाडीवाल्याला नाव विचारून परत पाठवणारे लोक तेव्हा निघाले. करोना पसरवल्याचा ठपका आलेल्या तबलिगी जमात या मुसलमान धर्मप्रचारक संघटनेच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये म्हटलं, की या माणसांना बळीचा बकरा केलं गेलं. असं कुणी आपल्या व्यासपीठावरून बोललं, ‘हे लोक असेच असतात, यांना घर देऊ नका, यांच्याशी व्यवहार करू नका’ असं म्हणालं, तर त्याच क्षणी माइक बंद करा. वक्ता कितीही मोठा असो. त्यासाठी समूहासमूहांत वैर वाढवण्याविरुद्धचं भारतीय न्याय संहितेचं १९६ कलम आहेच. धर्मभावना दुखावण्याबद्दलचं २९९ कलमसुद्धा हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेल्या अवमानापुरतं आहे, टीकेला ते हात लावत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुन्या दंडविधानातल्या याच अर्थाच्या २९५-अ कलमाबद्दल १९५७ सालीच हे सांगितलं आहे.

कधीकधी टीका कुठे संपते आणि माणसांची हेटाळणी कुठे सुरू होते हे ऐकताना चटकन कळत नाही, हे मान्य. बुरख्याबद्दल बोलता बोलता वक्त्याचा सूर बुरखा घालणाऱ्या बाईची कीव करण्याकडे वळतो, मग तिला मूर्ख ठरवण्याकडे. अशा वेळी अध्यक्षांनी मध्ये बोलावं, श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत. एवढ्यासाठीच तर व्याख्यानाला अध्यक्ष असतो. त्या कामाचा कंटाळा म्हणून विषयच बाद करणं व्याख्यानमालेला शोभत नाही. ऑनलाइन जिथे तिथे आरडाओरडा चालतो, समोरासमोर बसून धर्मावर नीट बोलायची ठाण्यातली जागा आता आपल्याकडेच उरली आहे, म्हणून मला इतकं लागतं.

समितीने करावं अशी माझी अपेक्षा आहे ते असं. येत्या बैठकीत ठराव मागे घ्यावा आणि तसं त्याच फळ्यावर लावावं. वकीलबाईंना समितीने प्रत्यक्ष भेटून पुन्हा निमंत्रण द्यावं, फोनवर नको. श्राद्धकर्मावर बोलणार होते त्या वक्त्यांनाही बोलवावं, म्हणजे एकाच धर्माला वेचून काढल्याचा आरोप उरणार नाही. नियम हवाच असेल तर तो असा करावा, की धर्म, जात, वंश किंवा जन्म यांवरून माणसांच्या कुठल्याही समूहाला कमी लेखणारं, त्यांच्यावर बहिष्कार घालायला सांगणारं भाषण चालणार नाही. मतांवर, ग्रंथांवर, प्रथांवर आणि धर्मपीठांवर टीका चालेल. आणि जे सभासद सोसायट्यांच्या कार्यकारिणीवर आहेत त्यांनी आपल्या सर्वसाधारण सभेत एक विषय मांडावा : नाव बघून कुणालाही घर नाकारलं जाणार नाही. मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे.

व्याख्यानाच्या दिवशी प्रश्नोत्तरांना किमान तासभर ठेवा. आक्षेपाचं पत्र देणाऱ्या विद्यार्थ्यांना आग्रहाने बोलवा आणि पहिले प्रश्न त्यांनाच विचारू द्या. वकीलबाई त्यांना उत्तर देतील, त्यांना रोज कोर्टात याहून कठीण प्रश्नांना तोंड द्यावं लागतं.

आपली,
एक आजीव सभासद
नौपाडा, ठाणे